म्यूझस्कोर: तालुक्याच्या बँडपथकासाठी ब्ल्यूज लिहिताना

लगनसराई संपली की वऱ्हाडातल्या बँडपथकांच्या हाती तुळशीच्या लग्नापर्यंत चार महिने येतात. नवं काही बसवायचं तर याच दिवसांत. अशा वेळी एखाद्या मास्तरला ब्ल्यूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतातून आलेला प्रकार, बसवायचा आहे, आणि तोही बिग बँडच्या, म्हणजे जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदाच्या पद्धतीने: क्लारनेट-सॅक्सोफोनची एक फळी, ट्रम्पेटची दुसरी, युफोनियम-ट्रॉम्बोनची तिसरी, आणि प्रत्येक फळीचं काम वेगळं. म्यूझस्कोर स्टुडिओ हे नोटेशन लिहायचं मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरतं का, हे सांगण्यासाठी हे परीक्षण.

पुरतं. पाचपैकी चार गुण. प्रत्येकाच्या हातात त्याच्या वाद्याच्या सुरात लिहिलेला स्वच्छ कागद देण्याचं काम ते इतकं नीट करतं की त्यासाठी पैसे मोजण्याची गरज नाही. पाचवा गुण कापला तो त्याच्या आवाजासाठी. संगणकावर जे ऐकू येतं त्यावरून अरेंजमेंट चांगली की वाईट हे ठरवू नका.

आधी कोणतं घ्यायचं ते. चौथी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली आणि आता तिचं नाव म्यूझस्कोर स्टुडिओ आहे. तिला ६४ बिटचा संगणक लागतो. ४ जीबी रॅमच्या जुन्या डेस्कटॉपवर सतरा ओळींचा स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे सूर एकाखाली एक लिहिलेलं पान, उघडला की ती रेंगाळते, तेव्हा तिथे २०२१ची ३.६.२ ही आवृत्ती टाका. या लेखातलं जवळपास सगळं तिच्यातही होतं. एक लक्षात ठेवा: चौथीत साठवलेली फाइल तिसरीत उघडत नाही. नागपूरच्या कोणा वादकाकडून फाइल मागवणार असाल तर त्याची आवृत्ती आधी विचारा, नाहीतर म्यूझिक-एक्सएमएल, म्हणजे वेगवेगळ्या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल, करून पाठवायला सांगा.

दुसरा घोळ नावाचा आहे. त्याच नावाची एक वेबसाइट आणि मोबाइल ॲप आहे, तिथे लोकांनी चढवलेले स्कोअर बघायला मिळतात आणि त्यासाठी वर्गणी मागतात. स्कोअर लिहायचं सॉफ्टवेअर वेगळं. ते विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं आणि पूर्ण मोफत आहे. मोबाइलवरच्या ॲपमध्ये स्कोअर पाहता-ऐकता येतो, लिहिता येत नाही. चौथ्या आवृत्तीसोबत 'म्यूझ हब' मधून चांगल्या आवाजांचे संचही मिळतात, पण ते काही जीबींचे आहेत. मोबाइलच्या डेटावर ते उतरवत बसू नका, आपल्या कामाला मूळचा आवाज चालतो. एकदा टाकलं की सॉफ्टवेअरला इंटरनेट लागत नाही, आणि खेड्यात ही फार मोठी सोय आहे. लाइन कधी जाईल याचा मात्र भरवसा नाही, म्हणून प्रेफरन्सेसमध्ये आपोआप साठवण्याची वेळ दोन मिनिटांवर आणा.

आता स्कोअर मांडायचा. पूर्ण बिग बँड म्हणजे साधारण सतरा जण: पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, पियानो, गिटार, बास आणि ड्रम. त्याचं तयार टेम्पलेट जॅझच्या विभागात आहे, पण ते उघडून त्यातून वाद्यं काढत बसण्यापेक्षा कोऱ्यावर आपलं पथक मांडा. समजा तीन क्लारनेट, दोन आल्टो सॅक्स, तीन ट्रम्पेट, दोन युफोनियम, दोन ट्रॉम्बोन, कॅसिओ, साइड ड्रम आणि मोठा ढोल. क्लारनेट आणि आल्टो मिळून पाच जणांची सॅक्सची फळी होते. युफोनियम-ट्रॉम्बोन मिळून चार ट्रॉम्बोनचं काम करतात. कॅसिओच्या डाव्या हाताला बास. वाद्य निवडताना ट्रम्पेट आणि क्लारनेट 'बी फ्लॅट'चंच घ्या. आपल्याकडचा युफोनियमवाला ट्रम्पेटसारखीच बोटं वाचत असेल तर ट्रेबल क्लेफचा युफोनियम निवडा. इथे चूक झाली तर पुढे छापलेला प्रत्येक कागद चुकतो.

ब्ल्यूज काळी पाचमध्ये, म्हणजे बी फ्लॅटमध्ये लिहा. मग ट्रम्पेट, क्लारनेट आणि ट्रेबल क्लेफच्या युफोनियमला सरळ सी येतो, एकही शार्प-फ्लॅट नाही, आणि आल्टोला जी येतो, एकच शार्प. गाणाऱ्याच्या सोयीने पांढरी एक किंवा पांढरी दोन धरली की ट्रम्पेटवाल्याला दोन ते चार शार्प पडतात आणि नव्या पोराचं बोट तिथेच अडतं.

सॉफ्टवेअरचं सगळ्यात मोलाचं बटण 'कॉन्सर्ट पिच'. ते चालू असलं की सगळी वाद्यं जशी ऐकू येतात तशी दिसतात. बंद केलं की प्रत्येकाच्या वाद्याच्या सुरात दिसतात. रचना करताना चालू ठेवा, कारण तेव्हा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, डोळ्यांना दिसते. छापायच्या आधी बंद करा आणि प्रत्येक पार्ट, म्हणजे एकेका वाद्याचा कागद, उघडून पहिला सूर तपासा. बटण चालू असतानाच आल्टोचा कागद छापला गेला, तर तो कागदावरचा सा बघून भलताच सूर वाजवेल आणि सगळ्या पथकाला वाटेल की त्याचा सॅक्स उतरलाय.

ब्ल्यूजचा साचा बारा मात्राखंडांचा, प्रत्येकात चार मात्रा. जॅझवाले वाजवतात त्या रूपात पहिल्या ओळीत बी फ्लॅट सेव्हन, ई फ्लॅट सेव्हन, मग दोनदा बी फ्लॅट सेव्हन. दुसऱ्या ओळीत दोनदा ई फ्लॅट सेव्हन, मग बी फ्लॅट सेव्हन, मग जी सेव्हन. तिसऱ्या ओळीत सी मायनर सेव्हन, एफ सेव्हन, आणि शेवटचे दोन खंड परत फिरायला: बी फ्लॅट–जी, सी मायनर–एफ. एखादा सूर निवडून कंट्रोल-के दाबा आणि कॉर्डची नावं लिहीत जा, स्पेस दाबला की पुढे सरकतं. फॉरमॅट मेनूतून दर चार खंडांनी ओळ तोडायला सांगा. एक फेरी म्हणजे बरोबर तीन ओळी होतात आणि वाजवणाऱ्याला आपण कुठे आहोत ते नजरेनेच कळतं. १२० च्या लयीत एक फेरी २४ सेकंदांची. दहा फेऱ्या म्हणजे चार मिनिटं, आणि ओठांनी वाजवणाऱ्यांसाठी तेवढं भरपूर झालं.

चाल रचायला आपल्या लोकांना परकं काही शिकवावं लागत नाही. सा, कोमल ग, म, प, कोमल नि हे धानीचे सूर. त्यात तीव्र म चा निसटता स्पर्श दिला की ब्ल्यूजचं सप्तक तयार. खाली कॉर्ड मात्र शुद्ध ग मागते, आणि वर चालीत कोमल ग. जोग ऐकलेल्या कानाला दोन गंधारांची ही ओढ लगेच पटते. अरेंजरने ती सांभाळायची कशी, यातच खरी गंमत आहे. वर कोमल ग असेल तर त्याखाली क्रमाने कोमल नि, प आणि सगळ्यात खाली शुद्ध ग ठेवा. दोन गंधारांमध्ये जवळपास सप्तकाचं अंतर राहतं आणि तो झणझणीत रंग येतो. तेच दोन गंधार शेजारी-शेजारी, अर्ध्या सुराच्या अंतरावर दोन क्लारनेटना दिले तर ऐकणाऱ्याला वाटतं, कोणीतरी बेसूर आहे.

आता तिसरी फळी, कारण तिच्यावर सगळं उभं राहतं. बी फ्लॅट हा सा धरा. पहिल्या कॉर्डला चार जणांना खालून वर असे सूर द्या: ग, कोमल नि, रे, ध. सा देऊ नका, तो कॅसिओचा डावा हात वाजवतोच आहे. ई फ्लॅटची कॉर्ड आली की: कोमल ग, ध, रे, प. पाहा काय झालं. ग अर्धा सूर उतरला, कोमल नि ध वर आला, रे जागचा हलला नाही, ध फक्त प वर आला. कोणालाही उडी मारावी लागली नाही. पाचव्या कॉर्डला, म्हणजे एफ सेव्हनला: म, नि, ग, ध. तिथून परत घरी येताना म चा ग, नि चा कोमल नि, ग चा रे होतो आणि ध तसाच राहतो. या तीन मांडण्या पाठ झाल्या की संपूर्ण ब्ल्यूजची पार्श्वभूमी तयार. जी सेव्हन आणि सी मायनर नंतर भरा. सगळ्यात खालचा ग मध्य सप्तकातल्या सीच्या खालच्या डीवर ठेवा. त्याच्या खूप खाली जवळचे सूर दिले तर युफोनियम गढूळ ऐकू येतात, आणि मंडपात तर काहीच कळत नाही.

हे लिहायची सोपी युक्ती सॉफ्टवेअरमध्ये आहे. वरच्या एकाच ओळीत चारही सूर कॉर्डसारखे एकावर एक लिहा, तो भाग निवडा आणि टूल्समधून 'एक्सप्लोड' करा. वरचा सूर पहिल्या वाद्याला, पुढचा दुसऱ्याला असे वाटले जातात आणि ट्रान्सपोझिशन, म्हणजे ज्याच्या-त्याच्या वाद्याच्या सुरात बदलणं, आपोआप सांभाळलं जातं. मात्र ओळी कमी आणि सूर जास्त असले तर सर्वांत खालचे सूर गळून पडतात, सांगूनही जात नाहीत. एक्सप्लोड केल्यावर शेवटच्या वाद्याची ओळ मोजून बघा.

पाच जणांच्या वरच्या फळीला चार सूर एका सप्तकात दाटून द्या आणि पाचव्याला, दुसऱ्या आल्टोला, वरचीच चाल सप्तकभर खाली द्या. चालीत प असेल तर खाली ग, रे, कोमल नि. इथेही सा च्या जागी रे घेतलाय म्हणून कॉर्ड जड होत नाही. क्लारनेटचा एक धोका मात्र प्रत्येक अरेंजरने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. काळी पाचच्या ब्ल्यूजमध्ये 'कोमल नि–सा' ही जागा शंभरदा येते, आणि क्लारनेटच्या कागदावर मधल्या सप्तकात ती नेमकी बी फ्लॅट ते सी अशी पडते. तिथेच वाद्याचा सांधा आहे. एका सुराला बोटं जवळजवळ मोकळी आणि पुढच्याला सगळी भोकं बंद. जलद लयीत नवशिक्याकडून तिथे चिरका आवाज निघतो. ती जागा एक सप्तक वर द्या किंवा खालच्या भरदार सप्तकात द्या. सॉफ्टवेअर हे कधीच सांगणार नाही, त्याच्या क्लारनेटला बोटं नाहीत.

ट्रम्पेटचंही तसंच. स्क्रीनवर कितीही उंच सूर लिहा, तो न थकता वाजतो. पथकातला पहिला ट्रम्पेटवाला वरातीत दोन तास वाजवून आलेला असतो. त्याची कमाल मर्यादा कागदावरचा ओळींच्या वरचा जी, म्हणजे तार सप्तकातला प, अशी धरा आणि त्यावरचा ध फक्त शेवटच्या फेरीत एकदा द्या. बारा खंड सलग वाजवायला लावू नका. चार खंड वाजवले की दोन खंड तरी ओठाला विसावा हवा. फळ्यांनी एकमेकींना सवाल-जवाब करायचा तो याचसाठीसुद्धा.

एकूण बांधणी अशी ठेवता येते: कॅसिओ आणि ड्रमची एक फेरी, मग सगळ्या क्लारनेट-सॅक्सची एकसुरात चाल, मग तीच चाल आणि दर दुसऱ्या खंडाच्या शेवटी ट्रम्पेटचा जवाब. त्यानंतर दोन किंवा तीन फेऱ्या एकट्या वादकाच्या. त्याच्यामागे पहिल्या फेरीत काही नको, दुसरीत युफोनियमची लांब मांडणी, तिसरीत ट्रम्पेटचा छोटा तुकडा. मग वरच्या फळीची दाट सुरांची फेरी, मग सगळ्यांची मोठ्याने फेरी, आणि परत चाल. सगळ्यांच्या मोठ्या फेरीत चाल सोपी आणि तुटक ठेवा, अधूनमधून रिकाम्या जागा सोडा आणि त्या ड्रमवाल्याला द्या. तिथे सगळ्यांनी सतत वाजवलं तर आवाज मोठा होतो पण जोर येत नाही.

कॅन्सस सिटीत १९३०च्या दशकात काउंट बेसीच्या बँडसारख्या मंडळींनी ब्ल्यूज असेच उभे केले: दोन-चार खंडांचा तुकडा एकाने वाजवायचा, फळीने उचलायचा, दुसऱ्या फळीने त्याला जवाब शोधायचा, बरंचसं कानानेच. आपली पथकंही गाणी कानानेच उचलतात. म्हणून पार्श्वभूमीचे तुकडे चार खंडांचे लिहा आणि आर दाबून पुढे उतरवत जा, कॉर्ड बदलेल तिथे फक्त ग चा कोमल ग करा. वादकाला एक तुकडा पाठ झाला की तीन ओळी पाठ होतात.

झोल्याचं, म्हणजे स्विंगचं. टेक्स्टच्या पॅलेटमध्ये 'स्विंग' आहे, ते पहिल्या खंडावर टाका. मुळात ते ६० टक्क्यांवर असतं. मात्रेचे बरोबर तीन भाग करून दोन-एक असा झोल हवा तर ६६ च्या आसपास न्या. वादकांना मात्र आकडा सांगू नका, तिस्र जातीत म्हणून दाखवा. धुमाल किंवा संदलची चाल अंगात भिनलेला ड्रमवाला आपोआप सरळ, भरलेला ठेका धरतो आणि वरच्या फळीचा झोल मारून टाकतो. त्याला लिहून द्या: पहिली आणि तिसरी मात्रा हलकी, झांज दुसऱ्या आणि चौथीवर, ढोल जवळपास गप्प. ड्रमचे सूर एकेक करून भरणं या सॉफ्टवेअरमध्ये किचकट आहे. त्यापेक्षा टूल्समधल्या 'फिल विथ स्लॅशेस'ने तिरप्या रेघा भरा आणि ट्रम्पेट जिथे ठोकतात तिथला ताल वर छोट्या अक्षरात लिहा. एकट्या वादकाच्या फेऱ्यांनाही तेच, रेघा आणि वर कॉर्ड.

सूर घसरवण्याच्या, खालून उचलण्याच्या खुणा म्हणजे फॉल आणि स्कूप पॅलेटमध्ये मिळतात. कागदावर त्या सुंदर दिसतात, पण संगणकाच्या आवाजावरून त्यांचा अंदाज बांधू नका. फळीतल्या तिघांनी सूर एकाच क्षणी सोडला तरच फॉल शोभतो, म्हणून किती मात्रांनी सोडायचा ते लिहा.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. पथकातले निम्मे लोक पाच रेघांची नोटेशन वाचत नसतील, पण सरगम वाचतात. म्यूझस्कोरमध्ये कंट्रोल-एल दाबून गाण्याचे शब्द लिहायची सोय आहे. तिथे शब्दांऐवजी देवनागरीत सरगम लिहा, स्पेस दाबला की पुढच्या सुराखाली जातं. स्टाइलमध्ये जाऊन त्या अक्षरांचा फॉन्ट देवनागरीचा निवडा, मंगल किंवा नोटो चालेल, कारण जॅझच्या हस्ताक्षरासारख्या फॉन्टमध्ये आपली अक्षरं नाहीत. कोमल सुराखाली आडवी रेघ बसत नसेल तर अक्षराला 'को' जोडा, पण सगळ्या कागदांवर एकच पद्धत ठेवा. आणि हे आधी ठरवा: सा म्हणजे रागाचा सा, की त्या वाद्याचा मोकळा सूर? ट्रम्पेटला काळी पाचमध्ये दोन्ही एकच पडतात. आल्टोला नाही, त्याच्या बोटांचा सा वेगळा आहे आणि ब्ल्यूजचा सा त्याच्या बोटांत प वर येतो. तालमीत मास्तर 'सगळे कोमल ग वर' म्हणणार असेल तर कागदावरही रागाचीच सरगम हवी. सरगम लिहून झाली की कीबोर्ड परत इंग्रजीवर आणा, मगच सूर भरा.

पार्ट काढणं सोपं आहे. मुख्य स्कोअरमध्ये सूर दुरुस्त केला की पार्टमध्येही होतो. पण ओळी आणि पानांची मांडणी प्रत्येक पार्टमध्ये वेगळी बघावी लागते. स्टाफ स्पेस, म्हणजे दोन रेघांमधलं अंतर, दोन मिलिमीटरपर्यंत वाढवा, संध्याकाळच्या उजेडात बारीक सूर दिसत नाहीत. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला कंट्रोल-एम दाबून खूण टाका. लांब विश्रांती एकाच खंडात आकडा घालून दाखवली जाते. तीसपेक्षा मोठा आकडा आला तर तिथे आधीच्या फळीचे दोन खंड छोट्या सुरांत दाखवा, मोजत उभा राहिलेला माणूस विसाव्या खंडाला हमखास चुकतो. आल्टोच्या किंवा ट्रम्पेटच्या कागदावर विचित्र डी शार्प दिसला तर तो सूर निवडून जे दाबा, ई फ्लॅट होईल. वाजायला फरक नाही, वाचायला फार आहे.

पैसे टाकून सिबेलियस किंवा डोरिको ही नोटेशनची विकतची सॉफ्टवेअर घ्यावीत का? छापखान्याच्या दर्जाची पुस्तकं काढायची नसतील तर गरज नाही. फिनाले या तशाच जुन्या सॉफ्टवेअरवर मात्र नवं काम सुरू करू नका, त्याचं पुढचं विकसन कंपनीने २०२४ मध्येच थांबवलं. जुन्या फाइली असतील तर चालू संगणक आहे तोवर म्यूझिक-एक्सएमएलमध्ये काढून ठेवा.

छपाईला पीडीएफच न्या. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर म्यूझस्कोर नसतं आणि फॉन्टही नसतात. आधी देवनागरी असलेलं एकच पान काढून बघा, जोडाक्षरं फुटली नाहीत ना ते पाहा. दोन पानांचा पार्ट ए-थ्री कागदावर शेजारी-शेजारी छापून घ्या, म्हणजे पान उलटावं लागत नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत चालता-चालता वाजवायचं असेल तर वाद्याला लावायच्या क्लिपसाठी अर्ध्या पानाचं कार्ड करा, त्यावर फक्त चाल आणि त्या फळीचे तुकडे. प्रत्येक पार्टच्या तीन प्रती काढा: एक वादकाला, एक मास्तरच्या फाइलीत, आणि एक वाद्याच्या पेटीत.